६२० रुपयांची उडी

१५ डिसेंबर २०१६ रोजी सुपर मारिओ आयफोनवर अवतरला, तेव्हा सारा देश एटीएमच्या रांगेत उभा होता. नोटाबंदीला महिना उलटून गेलेला. मशीन दिवसाला अडीच हजारांच्या वर काही देत नव्हतं, आणि द्यायचं ती दोन हजारांची गुलाबी नोट. ती मोडायला नगरच्या कापड बाजारापासून गंज बाजारापर्यंत फिरलं तरी कुणी गल्ला उघडत नव्हतं. नेमका हा मुहूर्त साधून निन्टेन्डोने ‘सुपर मारिओ रन’ आणला. पहिल्या दोनचार लेव्हल फुकट, पुढचं सगळं ६२० रुपयांना. ज्या गड्याला आपण लहानपणी हजारदा खड्ड्यात पाडलं, त्याला पुन्हा खड्ड्यात पाडायचे ६२० रुपये!

तेव्हा नगरात आयफोन असायचा तो डॉक्टर, बिल्डर आणि होतकरू नगरसेवकांकडे. त्यामुळे गावात फारसा गदारोळ झाला नाही. अँड्रॉइडवाल्यांची पाळी मार्च २०१७ मध्ये आली. तोवर सुट्टे मुबलक झाले होते; पैसे भरायची इच्छा मात्र चलनात आली नव्हती.

बरं, एवढे मोजून मिळायचं काय? तर या खेळात मारिओ स्वतःच पळतो. आपण काचेवर एक बोट टेकवायचं, की तो उडी मारतो. बस्स. आपल्या जिल्ह्याला ही रचना नवी नाही. साखर कारखान्याच्या निवडणुकीत पॅनेल असंच आपोआप पळत असतं, सभासदाने ठरल्या चिन्हावर शिक्का तेवढा उमटवायचा. फरक इतकाच, की तिथे पैसे सभासदाने भरायचे नसतात. शिवाय या मारिओला इंटरनेट सतत चालू लागतं. संभाजीनगरच्या एसटीत बसलात, इमामपूरचा घाट लागला, रेंज गेली, की गडी जागच्या जागी ठप्प.

आता कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. नव्वदच्या दशकात नगरच्या पोरांनी जो मारिओ खेळला, तो खऱ्या निन्टेन्डोवर नव्हेच. घरोघरी होता तो ‘मीडिया’ नाहीतर ‘लिटल मास्टर’, आणि त्यात खुपसायची पिवळी कॅसेट, जिच्यावर लिहिलेलं ‘९९९९९९९ इन १’. आत खेळ मोजून दहापंधरा, तेच पुन्हा पुन्हा नाव बदलून. चालली नाही तर काढायची, फुंकर मारायची, परत खुपसायची. तिकडे बापाचा हेका, की याने टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते. या साऱ्या व्यवहारातला एक रुपयाही क्योटोत कंपनीकडे पोचला नाही. तेव्हा ६२० ही वीस-पंचवीस वर्षांची थकबाकी समजायला हरकत नाही. पण थकबाकी म्हटलं की आपण कर्जमाफीच्या घोषणेची वाट बघतो.

दराबद्दल फार बोलूही नये. ‘फायनल फँटसी ७’ हा १९९७ सालचा खेळ, २०१५ मध्ये आयफोनवर आला तो सोळा डॉलरला. कापड बाजारात अठरा वर्षं न उठलेला माल ‘सेल’मध्ये जातो, इथे तो ‘क्लासिक’मध्ये जातो. आणि ‘शेवटचं किती लावता?’ असं विचारायला समोर गादीवर कुणी बसलेलंच नाही.

खरं दुखणं बोटांचं आहे. त्या जुन्या रिमोटवर डाव्या हाताला अधिकच्या चिन्हाचं काळं बटण होतं, उजव्या हाताला ए आणि बी. कडा अशा टोकदार, की सुट्टी संपेपर्यंत अंगठ्याला घट्टा पडायचा. पण नजर टीव्हीवर आणि अंगठा आपल्या जागी. खाली बघावं लागत नसे. ‘कॉन्ट्रा’ सुरू होताना वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए एवढं दाबलं की तीस जीव मिळायचे. कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी हा मंत्र आधी १९८६ च्या ‘ग्रेडियस’साठी रचला, कारण तो खेळ तपासताना त्यांचा स्वतःचाच टिकाव लागेना. गणिताचं पाढ्यांपलीकडे काही न येणाऱ्या पोरांना हा मंत्र तोंडपाठ होता.

आता तोच ‘कॉन्ट्रा’ माळीवाडा स्टँडवर बघा. पुण्याच्या गाडीची वाट बघणारा एखादा पोरगा फोन आडवा धरून बसलेला असतो. डाव्या अंगठ्याखाली काच, काचेखाली बटणाचं चित्र, आणि त्या चित्राखाली शत्रूचा शिपाई. पोराला बटण लागत नाही, शिपाई दिसत नाही. शिपायाला मात्र पोराचा माणूस व्यवस्थित दिसतो. अंगठा केसभर सरकतो, उडी मारायच्या जागी माणूस पालथा पडतो आणि गोळी खातो. पोरगा काच जीन्सवर पुसतो, जणू चूक घामाचीच होती. मग सेटिंगमध्ये जाऊन बटणांची चित्रं ओढून हवी तिथे मांडता येतात. म्हणजे बटणं कुठे असावीत हे ठरवायचं कामही गिऱ्हाइकाच्याच गळ्यात.

‘व्हाइस सिटी’ची गोष्ट तर आम्हा नगरकरांना जिव्हारी लागावी अशी. सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून हा खेळ खेळलेल्या पिढीच्या वह्यांच्या शेवटच्या पानावर चीट कोड असत. कीबोर्डवर ‘पँझर’ टाइप केलं की समोर आख्खा रणगाडा उभा. ज्या गावात लष्कराचं आर्मर्ड कोर सेंटर आहे, रणगाड्यांचं संग्रहालय आहे, तिथल्या पोराने आणखी काय मागावं! डिसेंबर २०१२ मध्ये तोच खेळ पाच डॉलरला मोबाइलवर आला. शहर तेच, गाड्या त्याच, गाणी बरीचशी तीच. फक्त तो शब्द टाइप करायला जागा नव्हती.

कळस २०२३ च्या डिसेंबरात झाला. ‘रेसिडेंट इव्हिल ४’ आयफोन १५ प्रोवर आला. सुरुवातीचा तुकडा चाखायला फुकट, पुऱ्या खेळाचा दर साठ डॉलर. फोन तेव्हा १,३४,९०० रुपयांपासून पुढे. आणि भुतं अंगावर आली की काचेवर बोटं नाचवून भागत नाही, म्हणून ब्लूटूथचा रिमोट निराळा. एवढ्या पैशात संगमनेरला दावणीला चांगली दुभती गाय येते, आणि तिचे सड तरी हाताला लागतात.

हे सगळं मी पुतण्याला ऐकवलं. तो सावेडीत राहतो, दर आठवड्याला दुसऱ्याच एका फुकट खेळात बंदुकीला रंग लावायला ‘डायमंड’ विकत घेतो, आणि मारिओचे ६२० ही शुद्ध लुबाडणूक आहे असं त्याचं ठाम मत आहे. मारिओची फुकटातली कॉपी त्याने कुठल्याशा ग्रुपवरून उतरवली होती. तेव्हापासून त्याच्या फोनवर अर्ध्या रात्रीही रमीच्या जाहिराती उगवतात.

“अरे, मग एकदाच पैसे भरून सरळ घेत का नाहीस?”

“काका, जुना गेम आहे तो. १९८५ चा! जुन्या मालाला एवढे पैसे कोण देतं?” असं म्हणून तो खाली उतरला आणि गेल्या दिवाळीत नव्या गाडीच्या भावात घेतलेल्या आरएक्स हंड्रेडला किक मारू लागला. ते मॉडेलही भारतात आलं १९८५ सालीच. चौथ्या किकेला सुरू झाली.