अथ अष्टगंध-बुक्का-निर्णय

केम (ता. करमाळा) येथे कुंकवाच्या दुकानात शिरलेल्या जिज्ञासूला कुंकवाची शंका सहसा येत नाही. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, एवढ्यात ते तत्त्वज्ञान आटोपते. खरा पेच शेजारच्या दोन पोत्यांपाशी पडतो: अष्टगंध घ्यावे की बुक्का?

पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ रचून एकादशी कोणती धरावी हे सांगितले. पुडी कोणती बांधून घ्यावी हे राहूनच गेले. प्रस्तुत लेखक ते पुरे करतो.

पूर्वपक्ष अष्टगंधाचा. द्रव्ये आठ खरी, पण तंत्रग्रंथांत शिवाची यादी वेगळी, विष्णूची वेगळी, देवीची वेगळी. चंदन, अगरू, केशर तिघांनाही मान्य. उरलेल्या पाचांवर देवांचेही एकमत नाही, तिथे करमाळा तालुक्याची काय कथा. पोत्यावर यादी नसते, म्हणून भांडण टळते.

उत्तरपक्ष बुक्क्याचा. कोळशाच्या पुडीत नागरमोथा, कापूरकाचरी, दवणा, वाळा असा मेळा. वास आधी मातकट, मागाहून गोडसर, आणि वारकऱ्यासारखा चिवट: सकाळी लावावा तर रात्रीच्या कीर्तनापर्यंत उठत नाही.

आता परीक्षाविधी. दुकानदार एका मनगटावर हे चोळतो, दुसऱ्यावर ते. तीन-चारदा हुंगल्यावर नाक संपावर जाते आणि दोन्ही मनगटे सारखीच लागतात. तेवढ्यात गिऱ्हाईक घाम पुसते व कपाळावर शैवही नव्हे, वैष्णवही नव्हे असा तिसराच संप्रदाय उमटतो.

वस्त्राचे प्रमाण अधिक बलवान. पांढऱ्या सदऱ्यावर डाग दोन्हींचा पडतो. पण केशरी डाग भाविक दिसतो, काळा दिसला की लोक सायकलची चेन पडली होती का विचारतात. सबब सदरेवाल्याने अष्टगंध घ्यावे. काळ्या कोटाचे वकील बुक्क्याचे अधिकारी.

तथापि ‘यज्ञात तांदूळ की जव’ या प्रश्नावर मीमांसकांनी विकल्पाला आठ दोष लावले आहेत, म्हणजे गंधागणिक एक. ‘हे किंवा ते’पेक्षा ‘हे आणि ते’ बरे. दुकानदाराने मीमांसासूत्रकार जैमिनी वाचलेला नसतो, तरी सिद्धान्त तोच सांगतो: “पाव्हणं, दोन्ही पाव-पाव बांधू का?”

बांधावे. मात्र दोन्ही पुड्या एका पिशवीत ठेवू नयेत. कुर्डुवाडी यायच्या आत एक तरी सुटते.