चुगलखोर आवंढा

माझं माझ्याबद्दल फार चांगलं मत आहे. संयम, अल्पाहार, जिभेवर ताबा हे गुण माझ्यात ठासून भरले आहेत असं मी मानतो आणि संधी मिळेल तिथे इतरांनाही मानायला लावतो. कुणाच्या घरी गेलं की, "नको नको, आत्ताच जेवून निघालोय," हे मी ज्या रुबाबात म्हणतो, त्याला तपश्चर्या लागते. पण नेमका त्याच वेळी आतून चर्रकन आवाज येतो, मोहरी तडतडते, मागोमाग कढीपत्त्याचा वास बाहेरच्या खोलीत शिरतो आणि माझा कंठमणी सगळ्यांच्या देखत वर जाऊन खाली येतो. तेवढ्यावर भागत नाही. पोटही बोलतं, आणि बऱ्यापैकी मोठ्याने बोलतं. यजमानीणबाई पुढे काही न विचारता एक पान वाढवतात.

या बेइज्जतीच्या मुळाशी जायचं ठरवलं, तेव्हा कळलं की मला तोंडघशी पाडणारी यंत्रणा फारच शिस्तीची आहे. अन्न नुसतं दिसलं किंवा त्याचा वास आला, की मेंदूकडून व्हेगस नावाच्या मज्जातंतूवाटे जठराला वर्दी जाते. तोंडात लाळ, जठरात आम्ल, वर स्वादुपिंडातून थोडं इन्सुलिनसुद्धा. आणि घास अजून ताटातच! एका जेवणासाठी जठरात जेवढं आम्ल पाझरतं, त्यातलं २० ते ३० टक्के या बघण्या-हुंगण्या-चघळण्यापायीच पाझरतं, असं शरीरशास्त्राची पुस्तकं सांगतात. म्हणजे मी "नको" म्हणत असतो तेव्हा पोटाने जेवायला सुरुवात केलेली असते.

इवान पावलोव्ह म्हटलं की लोकांना घंटा आठवते. पण त्यांना १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी. कुत्र्याच्या अन्ननलिकेला गळ्यापाशीच बाहेरची वाट करून द्यायची. खाल्लेला घास तिथूनच खाली पडायचा. कुत्रा खातच राहायचा आणि रिकाम्या जठरात पाचकरस पाझरत राहायचा. व्हेगस कापला की रस बंद. पुढे हा रस गाळून अपचनाच्या रोग्यांना औषध म्हणून विकलाही गेला आणि प्रयोगशाळेला त्यातून पैसे मिळाले. हे वाचल्यापासून आमच्या घरची ओव्याची पूड मला फारच सुसंस्कृत वाटू लागली आहे. मात्र कुत्र्याच्या पंगतीला बसवल्याचं थोडं वाईट वाटलं. त्याने निदान "नको नको" तरी म्हटलं नव्हतं.

आता फोडणीबद्दल दोन शब्द. दोन म्हणजे किती, ते मी ठरवणार.

फोडणी ही घाईची गोष्ट नव्हे आणि आळसाचीही नव्हे. तेल तापलं पाहिजे, पण जळता कामा नये. मोहरी पुरती तडतडल्याशिवाय जो जिरं टाकतो, त्याच्या हातचं वरण मी खातो, पण त्याचं मत विचारात घेत नाही. हळद शेवटी, नाहीतर करपते. कढीपत्ता धुऊन तसाच ओला टाकला, की तो तेल अंगावर उडवून सूड घेतो. आणि हिंग! डबीतला कच्चा हिंग हुंगून पाहा. डबी उघडणाऱ्याच्या चारित्र्याविषयी शंका येते. त्यातली गंधकाची द्रव्यं तशी उग्रच. पण तीच चिमूट गरम तेलात पडली, की तिचा उग्रपणा जाऊन कांदा-लसणाच्या जवळचा असा काही वास सुटतो, की जिना चढणारा माणूस मजला विसरतो. हा हिंग म्हणजे अफगाणिस्तान-इराणकडच्या एका झाडाच्या मुळाचा चीक. आपल्या डबीत येतो तो बहुधा पीठ आणि डिंक घालून बांधलेला. हिमाचलातल्या लाहौलमध्ये त्याची लागवड सुरू झाली ती २०२० साली. तोवर आमचं अस्सल मराठमोळं वरण पिढ्यान् पिढ्या काबूलच्या भरवशावर घमघमत होतं आणि आम्ही परंपरेवर भाषणं देत होतो. फोडणी वरून ओतल्यावर झाकण ताबडतोब पडलं पाहिजे, हा शेवटचा मुद्दा. नव्हे, शेवटून दुसरा.

शेवटचा असा, की हिंगाच्या वासाने तोंडाला पाणी सुटणं कुणी जन्मतः घेऊन येत नाही. ते शिकावं लागतं. वास आला, मग ताट आलं. पुन्हा वास, पुन्हा ताट. मला हे आईने शिकवलं.

तिने आता ऐंशी ओलांडली आहे. वयाबरोबर वासाची जाण मंदावते. तिची जवळजवळ गेलीच. तिने सांगितलं नाही. एकदा गॅसवर दूध करपून घरभर वास पसरला आणि ती शेजारीच उभी राहून शांतपणे कोथिंबीर निवडत होती, तेव्हा आम्हाला कळलं. "गोड-खारट कळतं रे," ती म्हणाली. "पण वांग्याचं भरीत काय नि दुधीची भाजी काय, मला आता एकच." वासाची वर्दीच पोचत नाही, तर भूक तरी कशी लागणार? बारा वाजले म्हणून ती जेवायला बसते. जिने सगळ्या घराला भूक लावली, तिने घड्याळाकडे बघून जेवावं, याचा मला राग येतो. आणि तो कुणावर काढायचा हे कळत नाही.

फोडणी मात्र ती कुणाला करू देत नाही. मोहरी कानाने ओळखते, हिंग चिमटीने मोजते. बाकीच्याची खात्री करायला पदराला हात पुसत दाराशी येते आणि माझ्या गळ्याकडे बघते. कंठमणी हलला, की आत जाऊन झाकण घालते. त्यामुळे संयमाचे सगळे प्रयोग मी घराबाहेर करतो. घरात माझ्या गळ्याला नोकरी आहे.

परवा ती अशीच दाराशी आली. आत काहीतरी बिनसलं होतं. वास आला, पण तोंडाला पाणी सुटेना. तिचं मन मोडू नये म्हणून मी मोठा आवंढा गिळून दाखवला, वर "वा!" असंही म्हटलं.

"सोंगं करू नकोस," ती म्हणाली. "हिंग राहिला ना?"

राहिला होता.