भाव चढला, पोरगं निघालं

"आक्का, राती वरच्या मजल्यावर दिवा दिसला. धाकलं आलं व्हय कोईमतूरहून?"

"आलंय जत्रंपुरतं. परवा निघणार. तिमजली बंगला बांधला, आन् राहतंय कोण? दोन म्हातारी."

"आता टेंभू योजनेचं पाणी आलंय, डाळिंब लावायचं की."

"डाळिंबावर तेल्या रोग पडला की कोण बघतंय? खानापूर-आटपाडीची निम्मी घरं सोनं गाळायच्या गलाईवर उभी राहिली. दुष्काळात बाप गेलं, आता पोरं जात्यात. मूस, भट्टी, तेजाब. दुसरं येतंय काय त्यास्नी?"

"कोरोनात तर इथंच व्हता की तो."

"त्याची याद नको बाई! मार्चात इस्लामपुरात पेशंट निघालं, आन् गावानं वेशीवर बाभळी टाकल्या. मे महिन्यात पास काढून ही मंडळी आली, कोण केरळातनं, कोण बंगालातनं. चौदा दिस शाळंत. तुझ्याच सासूनं डबा लांबनं सरकवला व्हता, इसरलीस?"

"त्या सगळ्यांनाच भ्यायच्या, आक्का. माझ्या माहेरच्यांनाबी."

"तिकडं भट्टी बंद, गाळ्याचं भाडं चालूच. दागिनं गहाण टाकून भरलं. सोनं गाळणाऱ्याच्या घरातलंच सोनं गहाण, बघ! आन् ऑगस्टात तोळा ५५ हजारांवर. भाव चढला की लोक जुनं मोडाय काढत्यात, गलाईवाल्याला काम लागतंय. पण जायला गाडी कुठं व्हती?"

"मग गेला कवा?"

"गाड्या सुरू झाल्यावर. तरी बस्तान बसलं ते रशियामुळं."

मला हसूच फुटलं. विट्याच्या बाजारापलीकडं कधी न गेलेली आक्का, आणि रशिया!

"हसू नगं. नातू बारावीला हाय, त्येनं उलगडून सांगितलं. २०२२ ला रशियानं युक्रेनवर फौज घातली. अमेरिका-युरोपनं निर्बंध घातलं, रशियाच्या मध्यवर्ती बँकेचा भायेरचा पैसा गोठवला. ते बघून बाकीच्या देशांनी धसका घेतला, उद्या आपलाबी असाच अडकला तर? म्हणून सोनं घेत सुटलं. त्या एका वर्षात देशोदेशीच्या मध्यवर्ती बँकांनी हजार टनांवर घेतलं म्हणं."

"तेवढ्यानंच भाव चढला?"

"तेवढ्यानंच न्हाई, पण त्येचाबी हात हाय. भाव पुढं चढतच गेला, मोड वाढली, तिकडल्या शेठचं फोनावर फोन. म्हणून चुलतभावालाबी घेऊन चाललाय."

"म्हंजी भांडण मॉस्कोचं, आन् पोरं हलली आपल्या गावची!"

"सगळं गोडच हाय असं न्हाई. भाव लई चढला की नवं कोण करत न्हाई, सोनाराचं गिऱ्हाईक आटतंय. १९६३ ला मोरारजी देसायांनी १४ कॅरेटच्या वरचं दागिनं घडवायचं न्हाईत असा नियम आणला, तवा सोनारांवर केवढी अवकळा आली व्हती. मामंजी सारखं सांगायचं. या धंद्याचा लगाम कवाच आपल्या हातात नव्हता."

कुंपणावर वाळत घातलेली गोधडी उलटी करत आक्कानं आवाज बारीक केला.

"ते जाऊ दे. तुझ्या त्या जुन्या पाटल्या मोडायच्या असल्या तर उद्याच दे. परवा गडी जाईल."

"इतक्यात कशाला? अजून चढू दे की!"