पेडगावची स्वारी

वेड पांघरून पेडगावला जाण्याची जी सोय मराठी भाषेने फार पूर्वीपासून करून ठेवली आहे, तिच्यातील पेडगाव हे भीमेच्या काठचे, श्रीगोंदे तालुक्यातील, बहादूरगडाच्या तटाआडचे होय. परभणी जिल्ह्यातील पेडगावावर त्या म्हणीचा कोणताही बोजा दफ्तरी दाखल नाही, ही गोष्ट मी परभणी जंक्शनच्या फलाटावर आमच्या दाजींना साधार समजावून दिली. दाजींनी बगलेतील दीड हात लांबीचा पाना सावरला आणि ते म्हणाले, "मेव्हणे, आपण काही पांघरलेलं नाही. जे आहे ते उघडंच आहे."

ते उघडे होते खरे. दाजींची उभी नोकरी जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर झाली. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी ज्याची कोनशिला बसविली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी ज्याचे उद्घाटन केले, त्या धरणाचे पाणी पैठणहून परभणीच्या काळ्या रानाकडे आणणाऱ्या या २०८ किलोमीटरांच्या कालव्यावर मातीचे ढीगच्या ढीग लोटणारे चेनचे डोझर त्यांनी ऐन तारुण्यात पाहिले, आणि त्या वयात इतरांच्या मनात जे ठसते ते न ठसता हेच ठसले. परिणामी, ज्या वयात शहाणी माणसे पारायणास बसतात त्या वयात त्यांनी एका मयत ठेकेदाराच्या वारसांकडून, पेडगावच्या शिवारात कित्येक पावसाळे उघड्यावर पडलेला एक डोझर भंगाराच्या भावाने, जागेवर आहे त्या स्थितीत, रीतसर पावती करून विकत घेतला. तो त्यांस मोडावयाचा नव्हता, चालवावयाचा होता. आमच्या अक्कांनी मला त्यांच्यासोबत तैनात केले ते केवळ "आणखी काही विकत घेऊ देऊ नकोस" एवढ्याच मर्यादित अखत्यारावर.

हैदराबादहून मनमाडास जाणारा हा लोहमार्ग निजामाच्या अमदानीत, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर घातला गेला. पुढे मीटर गेजचे ब्रॉड गेज झाले, डबे रुंद झाले. परंतु पॅसेंजर गाडीतील चौकशीची रुंदी मूळचीच अफाट असल्याने तीत वाढीस अवकाश उरलेला नव्हता. पाना, हातोडी, ग्रीसचा डबा आणि आमच्यासोबतचे मितभाषी उस्ताद, असा सरंजाम पाहून समोरच्या फेटेवाल्या गृहस्थाने आमची कैफियत घेतली आणि शेवटी विचारले, "मशीन कोन्या देशाचं म्हन्लाव?"

"अमेरिकेचं."

"मंग अवघडंय," गृहस्थ खिन्नपणे म्हणाला. "जर्मनीचं आसतं तर परभणीशी जमलं आसतं."

जगात जर्मनी आणि भारतात परभणी, हे सूत्र या जिल्ह्यात परराष्ट्र धोरणाच्या योग्यतेचे मानले जाते, त्यामुळे यावर कोणी हसले नाही.

पेडगाव स्टेशनावर उतरून आम्ही पऱ्हाट्या उपटलेल्या रानातून निघालो. ही कापसाची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हात अशी भेगाळते की पान्यासारखी वस्तू तीत एकदा गेली म्हणजे पुढच्या पिढीसच सापडावी. चेनच्या ट्रॅक्टराचा जन्म अशाच धसत्या जमिनीपायी झाला. कॅलिफोर्नियातील स्टॉकटनच्या आसपासच्या मऊ मातीत वाफेची अवजड यंत्रे रुतून बसत, म्हणून बेंजामिन होल्टने १९०४ साली चाके काढून तेथे फिरते पट्टे बसविले. त्या पट्ट्यांवर वजन असे पसरते की अकरा-बारा टनांचे धूडही जमिनीस चालत्या माणसाच्या पावलाहून फारसे अधिक दाबत नाही. रुतू नये म्हणून निर्मिलेले ते यंत्र आमच्या वाट्यास आले तेव्हा पोटाच्या पत्र्यापर्यंत रुतलेले होते.

ते पूर्वाभिमुख उभे होते. उजव्या चेनीतून एक बाभूळ उगवली होती, धुराड्यात चिमण्यांची वहिवाट होती, आणि बोनेटवर एक शेळी अशा निश्चिंतपणे उभी होती की पावती तिच्याच नावाची असावी. नावाची पट्टी कोणीतरी केव्हाच काढून नेली होती, तरी उस्तादांनी लांबूनच सांगितले, "डी-सात." पारावरून मागोमाग आलेल्या मंडळींत मात्र यंत्राच्या कुळाविषयी एकमत नव्हते. एकाच्या मते ते निजामाने आणले, दुसऱ्याच्या मते ते गोऱ्यांच्या लढाईतले, आणि तिसऱ्याच्या मते ते कालव्यावर आले व ठेकेदाराचे बिल अडकले म्हणून येथेच राहिले. दुसऱ्या मतास इतिहासाचा काहीसा टेकू आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याने येथे मागे टाकलेले असे ट्रॅक्टर जमवूनच केंद्र सरकारने १९४७ साली सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन उभारली, आणि मध्य हिंदुस्थानातील कांस गवताची खोल मुळे उखडण्यासाठी १९४९ साली जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरांचे कर्जही काढले. आमच्याकडील कुंदा आणि हरळी या गवतांनी शेतकऱ्यांस काही कमी छळलेले नाही, पण असे आंतरराष्ट्रीय भाग्य त्यांच्या कपाळी आले नाही.

खरी अडचण गवताची नव्हती, गंजाचीही नव्हती. ती बांधाची होती. डोझराच्या उजवीकडचे रान थोरल्या पातीच्या तात्यांचे, डावीकडचे धाकट्या पातीच्या आप्पांचे. या चुलतभावांतील हद्दीचा तंटा बापांच्या काळापासून चालत आलेला; दगड गाडले गेले, उपटले गेले, मोजणी झाली, तीवर तक्रार झाली. जी खूण दोघांपैकी कोणासही रातोरात सरकविता येणार नाही अशी एकच वस्तू त्या शिवारात होती. म्हणून अखेर पंचांच्या समक्ष कागद झाला तेव्हा तात्यांच्या चतुःसीमेत 'पूर्वेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, पश्चिमेस गायरान व उत्तरेस डोझर' असे लिहिले गेले, आणि आप्पांच्या चतुःसीमेत 'दक्षिणेस डोझर'. डोझर नेण्यास हरकत आहे काय, असे दाजींनी दोघांस अदबीने विचारले. दोघे एकमेकांकडे पाहून, बहुधा जन्मात प्रथमच, एकदम हसले. "न्या की," तात्या म्हणाले. "चालला तर न्या."

पुढे आमचे पेडगावास वारंवार जाणे झाले. उस्तादांनी हातोडीने खालचा एकेक रोलर ठोकून कान देऊन ऐकला, ऑइलची सळई काढून तिच्या टोकास आलेले पाणी बोटावर घेऊन हुंगले, आणि इंजिन जाम असल्याचा निकाल दिला. उपाय असा की नोझल काढून चारही सिलिंडरांत रॉकेल आणि ऑइल यांचे मिश्रण ओतावे आणि त्यानंतर, यंत्रविद्येतील हाच सर्वांत कठीण विधी, काहीही करू नये. दीर्घ सरकारी नोकरीमुळे दाजींस तो सुलभ जाईल अशी माझी अटकळ होती, पण ती फोल ठरली. ते रोज फोन करून पिस्टन मुरले का म्हणून विचारीत. अखेर फ्लायव्हीलच्या दात्यांत पहार घालून चौघांनी अंग टाकले तेव्हा आत कोठेतरी कट्ट असा आवाज झाला. उस्तादांनी बिडी पेटविली, यावरून शुभ वर्तमान आहे असे आम्ही जाणले. बाभूळ तोडली गेली; तिच्या सरपणावर तात्या-आप्पांचा जो वाद झाला त्याचा तपशील येथे देत नाही.

या जातीच्या यंत्रास सुरू होण्यासाठी बॅटरी लागत नाही. थोरल्या डिझेल इंजिनाच्या कुशीस दोन सिलिंडरांचे एक धाकटे पेट्रोल इंजिन असते. आधी धाकट्यास दोरीने ओढून जागे करावयाचे. त्याच्या धुराच्या उष्णतेने थोरल्याच्या पोटात जाणारी हवा तापवावयाची, त्याच्या गरम पाण्याने थोरल्याचे अंग शेकावयाचे, आणि थोरल्याचे कॉम्प्रेशन दांड्याने मोकळे ठेवून धाकट्याने त्यास धीराने फिरवीत राहावयाचे. मग कॉम्प्रेशन लावून डिझेल सोडले की थोरला आपल्या पायांवर उभा राहतो. धाकट्याच्या मॅग्नेटोत कुंभारीण माशीने चिखलाचे घर बांधले होते. ते काढून, कॉइल उन्हात वाळवून, पॉइंट घासून उस्तादांनी दोरी गुंडाळली आणि ओढली. धाकटा फटफटू लागला. मग थोरल्याने धुराड्यातून चिमणीचे घरटे, काजळीचे पाणी आणि पांढरा धूर असे क्रमाने बाहेर टाकले आणि जमिनीसकट आम्हां सर्वांस हादरवीत तो धडधडू लागला. तात्या आणि आप्पा हा सोहळा फार लक्षपूर्वक पाहत होते. थोरल्या-धाकट्यांत इतका सहकार त्यांच्या अनुभवास आलेला नव्हता.

आता प्रस्थान. डी-सातास फिरवावयाचे चाक नसते, दोन दांडे असतात. डावा ओढला म्हणजे डाव्या चेनीची ताकद तुटून यंत्र डावीकडे वळते, उजवा ओढला म्हणजे उजवीकडे. आमचा रस्ता, म्हणजे जेथे ट्रेलर उभा होता तो, डावीकडे होता. उस्तादांनी पहिला गिअर टाकला, डोझर चिखलातून सुस्कारा सोडून उपटला गेला, आणि ताशी सव्वादोन किलोमीटरांच्या वेगाने निघाला. पोरे ओरडली, शेळ्या पांगल्या, दाजींनी टोपी काढली. उस्तादांनी डावा दांडा ओढला. काही झाले नाही. त्यांनी दोन्ही हातांनी ओढला, पाय रोवून ओढला. डाव्या क्लचच्या प्लेटा गंजून एकजीव झालेल्या होत्या. डाव्या कालव्यावर हयात घालविलेल्या माणसाच्या नशिबी केवळ उजवीकडे वळणारे यंत्र यावे, यातील काव्य दाजींस त्या वेळी सांगण्यासारखे नव्हते.

"हरकत नाही," दाजी ओरडले, "उजवीकडूनच वळसा घालून डावीकडं घ्या!"

भूमितीच्या दृष्टीने योजना निर्दोष होती. डोझर उजवीकडे वळला, बांध ओलांडून तात्यांच्या रानात शिरला, आणि वळशाचा पुरता निम्मा भागही होण्यापूर्वी, कित्येक वर्षे ताणाबिगर पडलेली उजवी चेन कडकडाट करीत रोलरांवरून उतरली. इंजिन बंद झाले. धूर विरला. डोझर तात्यांच्या रानाच्या मधोमध, पूर्वीइतक्याच ठामपणे उभा होता.

तात्या काही बोलण्याच्या आत आप्पा बांधावरून उठले. धोतराचा सोगा खोवून, मोठमोठ्याने पावले मोजीत ते तात्यांच्या रानातून डोझरापर्यंत आले, बोनेट अजून तापले आहे की काय हे हात लावून पाहिले, त्यावर आपली टोपी ठेवली, आणि बंडीच्या खिशातून कागदाची जीर्ण घडी काढून दाजींपुढे धरली.

"वाचा की, साहेब. दक्षिणेस काय लिवलंय?"