हजेरीची वाटणी

अपघातानंतर कोर्टात हजर कोणी राहायचं, हा गुंता पुण्याने किती सुबक सोडवला! 19 मे 2024, कल्याणीनगर, पोर्शे. पोलिसांचं म्हणणं धरलं तर गाडी मुलाने चालवायची, गुन्हा ड्रायव्हरने अंगावर घ्यायचा, तपासणीचं रक्त आईने द्यायचं. मुलाच्या वाट्याला उरला तीनशे शब्दांचा निबंध. याला म्हणतात एकत्र कुटुंब.

आमची कुंभारी अजून मागासच. अक्कलकोट रोडला टमटम घासली की ज्याने घासली तोच, रोज बुडवून, सोलापूरच्या कोर्टाबाहेर पुकाऱ्याकडे कान लावून उभा. बायको घरी विड्या वळतेय. बदली पाठवायची कोणाला?

तरी सरकारने तालुक्याला एकेक कबुलीदार नेमावा, रक्तगटासह. गाडी चालवता येण्याची अट नको. पुण्यात पोर्शेने उडवलेल्या दुचाकीवरच्या दोघांची मात्र गैरसोय झाली. बदली न मिळाल्याने त्यांना शवागारात जातीनं हजर राहावं लागलं.