मास्तरांच्या घरची बबली

अहो, ऐकलंत का? जरा इकडे कुंपणाशी या, मोठ्यानं बोलायची गोष्ट नाही. मास्तरांच्या घरची बबली... बबली नाहीच ती! बबलू आहे बबलू!

नातीच्या वाढदिवसाला नागपुरातून ती गिनी पिगची जोडी आणली, हे तर अख्ख्या अड्याळला माहीत आहे. बंटी नर, बबली मादी, गॅरंटी म्हणे दुकानदाराची. मास्तरीणबाईंचा हिशेबही मांडून झाला होता. दोन-सव्वादोन महिन्यांत पिल्लं होणार, एक भंडाऱ्याला भावाकडे, एक पवनीला नणंदेकडे. आणि परवा ती बबली घुर्रर्र आवाज काढत, कंबर हलवत बंटीभोवती गोल गोल फिरायला लागली. सूनबाई म्हणाली, "आई, मला काही वेगळंच दिसते." उताणं करून पाहिलं, तर... मास्तरीणबाईंचा चेहरा असा उतरला, बापा! मास्तर मात्र पेपराआड हसत होते. मी पाहिलं ना खिडकीतून.

पण मी म्हणते, दोन्ही नर निघाले हे नशीबच समजा. या जातीत नर अवघ्या तीन आठवड्यांत वयात येतो, मादीही महिनाभरात. खरंच जोडी असती तर दिवाळीपर्यंत पिंजरा पुरला नसता.

तर काय सांगत होते... हां, तो वास! दोन महिने झाले, त्यांच्या ओसरीत गेलं की कसलासा उग्र दर्प यायचा. घरातल्या म्हाताऱ्या आजीबाईंचं आपलं एकच, "रोज न्हाऊ घाला त्यायले." रोज कशाचं न्हाणं! उलट कातडी कोरडी पडते, थंडी बाधते. मग सूनबाईला बंटीच्या पाठीच्या शेवटाला, जिथं शेपटी असायला हवी होती ना, तिथं चिकट काळपट डाग दिसला. आजीबाई म्हणाल्या, गूळ सांडला असेल. गूळ कसला, ग्रंथी असते तिथं! नरांची जास्तच पाझरते. म्हणून तर ते बूड घासत घासत फिरतात, आपली हद्द आखतात. तिथं खोबरेल तेल चोळायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं, मग सौम्य साबणाच्या कोमट पाण्यानं तेवढीच जागा धुवायची आणि लगेच कोरडी करायची. झालं.

पण खरी गंमत पुढे आहे. जरा जवळ या. खाली, शी आणि शूच्या जागेच्या मधे, नरांना एक पिशवी असते कातडीची. तिच्यात गवताच्या काड्या, केस, लेंड्यांचा चिखल, सगळं साचतं. इअरबडला तेल लावून हळूच पुसून काढायचं, खुपसायचं नाही. आणि कधी कधी... कसं सांगू... नराच्या त्या जागी केसाचं वेटोळं आवळून बसतं, तेही बघावं लागतं. सूनबाईनं माझ्या कानात सांगितलं, तरी आजीबाईंना ऐकू गेलंच. "शिव शिव!" करत उठूनच गेल्या. गादीवर ते पांढरे रबरासारखे तुकडे पडायचे ना, ज्यांना त्या मेणबत्तीचं मेण समजून गोळा करत होत्या... ते काय होतं हे कळल्यावर तर दोन दिवस त्या पिंजऱ्याकडे फिरकल्या नाहीत! काही आजारबिजार नाही हो, नरांचं नैसर्गिकच आहे ते.

मग प्रश्न आला, हे पुसणार कोण? घरात कशी शांतता पसरली म्हणता! मुलगा मोबाइलमध्ये, सूनबाई डब्यांत, मास्तरीणबाई देवघरात. आणि उठले कोण? मास्तर! स्वतःचा चहाचा कप जागेवर न ठेवणारा माणूस! आता दर रविवारी जुना दुपट्टा मांडीवर, शेजारी तेलाची वाटी, नाकावर चष्मा. मास्तरीणबाई मला म्हणाल्या, "आमच्या दोन पोरांचे लंगोट यांनी कधी बदलले नाही जी." बोलल्या हसत, पण डोळे काही हसत नव्हते, हं.

आणि पुढे तर काम वाढणारच आहे. म्हातारा झाला की नराचे शीच्या जागेचे स्नायू ढिले पडतात, मऊ लेंड्या आतच अडकून गोळा होतो. त्या मऊ लेंड्या बाहेर यायलाच हव्यात, कारण त्या ते परत खातात. तोंड काय वाकडं करता? त्यातूनच बी जीवनसत्त्व मिळतं त्यांना! गोळा अडकला की रोज काढावा लागतो. पाच ते आठ वर्षं जगतात म्हणे, म्हणजे मास्तरांची रविवारची सोय झाली.

भांडणं? ती तर सुरू झालीच. तीन-चार महिन्यांचे झाले की नरांच्या अंगात येतं. दात कटकट वाजले की समजायचं, आता जुंपणार. सख्खे भाऊ धुऱ्यावरून भांडतात ना, अगदी तसं. म्हणून सगळं दोन-दोन ठेवायचं, दोन वाट्या, दोन बाटल्या, लपायला दोन खोकी. जागा ऐसपैस हवी आणि मादीचा वाससुद्धा आसपास नको.

खाली तणीस टाकलं होतं आधी. ते टोचतं, आणि त्याचे बारीक तुकडे नेमके त्या पिशवीत शिरतात. आता जुन्या सुती साड्यांच्या घड्या असतात, खायला मऊ वाळलेलं गवत. शिवाय आवळा, पेरू, सिमला मिरची थोडी थोडी. क जीवनसत्त्व आपल्यासारखंच त्यांच्याही अंगात तयार होत नाही. यावर मास्तरांचं लेक्चर सुरू झालं, १९०७ साली नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिकनी याच प्राण्यात स्कर्व्ही रोग दाखवून दिला म्हणून... मी भाजीचं निमित्त करून निघाले. पालक मात्र रोज नको हं, खडा होतो, आणि नराची लघवीची वाट अरुंद, तिथंच अडकतो. लघवी करताना ओरडला, की थांबायचं नाही, डॉक्टर गाठायचा. नागपूरला सेमिनरी हिल्सवर व्हेटर्नरी कॉलेज आहेच, १९५८ पासूनचं. घरातली अँटिबायोटिकची गोळी तर मुळीच द्यायची नाही. पेनिसिलिनच्या गटातली पोटात गेली तर जीवच जातो.

आणि आपला उन्हाळा! गावच्या घोडायात्रेच्या सुमारास आपणच होरपळतो, त्यांना तर सत्तावीस-अठ्ठावीसच्या पुढे सोसत नाही. कूलरची खोली आता त्यांची आणि आजीबाई ओसरीत. त्यावर आजीबाई काय म्हणाल्या, ते मी सांगणार नाही... बरं, सांजच्याला सांगते.

तुमच्या नातवानं हट्ट धरलाय ना? मग दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, जाणत्या माणसाकडून खालून नीट तपासून घ्या. आणि दर आठवड्याला पुसणार कोण, त्या माणसाचं नाव घरात आधी ठरवा. नाव ठरत नसेल, तर आणूच नका.