आर्थर रोडचं स्थळ

चि. सौ. कां. बराक क्रमांक १२ हीस,
मुक्काम आर्थर रोड कारागृह, साने गुरुजी मार्ग, मुंबई.

नेदरलँड्समधल्या रायस्वाइकहून तुझ्या परदेशस्थ मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या लग्नाची, म्हणजे परदेशी गेलेल्या आरोपींना तुझ्याकडे पाठवण्याची, बोलणी इतकी वर्षं युरोपातल्या कोर्टांत चालली आहेत की, इथे आम्हा मराठी मंडळींना तुझी लांबी-रुंदी तोंडपाठ झाली आहे. पहिलं स्थळ लंडनचं, विजय मल्ल्या. वरपक्षाच्या वकिलांनी नाक मुरडलं, खोलीत उजेड नाही म्हणाले. सरकारने फोटो पाठवले, पण स्थळाच्या फोटोवर कोण विश्वास ठेवतं? २०१८ साली न्यायाधीश एमा आर्बथनॉट यांनी फर्मावलं की भर दुपारी, दिवे न लावता व्हिडिओ काढून आणा. तुझी नुकतीच रंगरंगोटी झाली आहे हे बाईंच्या नजरेतून सुटलं नाही. तरी १० डिसेंबरला त्यांनी पसंती कळवली. नवरदेव काही बोहल्यावर चढले नाहीत.

दुसरं स्थळ नीरव मोदी, तेव्हा मुक्काम वाँड्सवर्थचा तुरुंग. २०२१ च्या निकालात न्यायाधीश सॅम गूझी यांना वाँड्सवर्थपेक्षा तूच ऐसपैस वाटलीस. माहेरच्या माणसाला अभिमान वाटावा असं याहून काय हवं?

तिसरं स्थळ मात्र माझ्या घरापासून गाडीने दीडएक तासावर, अँटवर्पला. मेहुल चोक्सींना तिथे एप्रिल २०२५ मध्ये अटक झाली आणि सप्टेंबरात आपल्या गृह मंत्रालयाने हमीपत्र म्हणून लग्नाची यादीच करून पाठवली. माणशी किमान ३ चौरस मीटर मोकळी जागा, फर्निचर सोडून. जाड सुती गादी, उशी, चादर, ब्लँकेट. पंखे. डॉक्टरांनी सांगितलं तर खाट. कॅरम, बुद्धिबळ, बॅडमिंटन. आवारात २० खाटांचं रुग्णालय. एवढा मानपान तर आमच्या थोरल्या जावईबापूंचाही झाला नव्हता! ९ डिसेंबरला बेल्जियमच्या सर्वोच्च न्यायालयाने चोक्सींचं अपील फेटाळलं.

पण बाळ, वरपक्षाच्या नखऱ्यांना हसू नकोस. त्यांचं म्हणणं कायद्याला धरून आहे. जिथे अमानुष वागणूक मिळण्याचा खरा धोका आहे, तिथे माणूस सोपवायचा नाही, हे स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयाने १९८९ मध्येच सोरिंग खटल्यात सांगितलं. ३ चौरस मीटरचं मापही त्याच न्यायालयाचं. आणि हे फक्त आपल्यालाच ऐकावं लागतं असंही नाही. २०१९ मध्ये आमच्या ॲमस्टरडॅमच्या कोर्टाने लिव्हरपूलच्या तुरुंगाची दशा पाहून एका आरोपीची ब्रिटनकडे पाठवणी थांबवली. तुला बघायला आले त्यांच्याच घरची ही गोष्ट!

आपल्या घरची गोष्ट मात्र मला सांगता येत नाही. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली, त्याला मान्यता अजून दिलेली नाही. म्हणजे साखरपुडा झाला आणि मुहूर्त काही निघेना. खटल्यांत समोरचा वकील हेच काढतो. त्या सहीच्या बरोबर तीनशे वर्षं आधी, १६९७ मध्ये, इथे रायस्वाइकला एक तह झाला. त्यात डचांना पाँडिचेरी फ्रेंचांना परत द्यावी लागली. त्या तहाची आठवण म्हणून जंगलात दगडी सुळका उभा आहे. संध्याकाळी फिरताना त्याच्यापाशी थांबतो आणि वाटतं, इथे एका सहीवर आपल्याकडचं अख्खं गाव हातचं गेलं आणि आपल्या सहीवर एक सतरंजीसुद्धा हलत नाही.

आता मनातलं लिहितो. तुझ्या सख्ख्या बहिणी, त्याच भिंतीआडच्या बाकीच्या बराकी, त्यांना बघायला कोणी आलं का? क्षमता ८०४ ची होती तेव्हा माणसं कित्येकदा तीन हजारांच्या वर. कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवावं लागेल असा तो हिशेब. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या कैद्यांपैकी ७५.८ टक्के कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे असे. सर्वोच्च न्यायालयाने १,३८२ तुरुंगांतल्या अमानुष स्थितीवर २०१६ मध्ये निर्देश दिले, पण त्या बहिणींचा व्हिडिओ भर दुपारी कोणी मागवला नाही. तिथल्या मंडळींची चूक एकच: पकडले गेले तेव्हा ते आपल्याच गल्लीत होते. अँटवर्पपर्यंत पोचले असते, तर सरकारने त्यांनाही उशी लिहून दिली असती.

म्हणून मामाचं एवढं ऐक. नवरदेव येवोत न येवोत, त्या हमीपत्राची एक झेरॉक्स मागून घे आणि शेजारच्या बराकीच्या दाराला चिकटव. चोक्सींचं नाव असेल तिथे पांढरी पट्टी लाव. बाकी एक अक्षरही बदलू नकोस.

तुझा,
रायस्वाइकचा मामा